पहाटे सुई टोचली, ३१ तास झाले, कुणाला सांगितलं नाही. आता सांगून उपयोग आहे का?

रात्रपाळी

मी मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे, हे तिसरं वर्ष. काल पहाटे सव्वाचारला तापाच्या एका पेशंटची सलाईनची लाईन आऊट झाली म्हणून नवीन कॅन्युला, म्हणजे शिरेत राहणारी नळी, घालत होते. पेशंट तापात बरळत होता, हात एका जागी ठेवत नव्हता. मावशी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, धरायला कुणी नाही. कॅन्युला बसली, सुई बाहेर काढली आणि नेमका तेव्हाच त्याने हात ओढला. मिळालेली लाईन पुन्हा जाऊ नये म्हणून मी डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं. उजव्या हातात सुई तशीच, वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकायची राहिलेली. डबा ट्रॉलीवर नव्हता, काउंटरवर होता, म्हणून ती हातातच राहिली होती. डाव्या तर्जनीच्या पेरात घुसली. ग्लोव्ह काढला तर आत टिकलीएवढं रक्त.

नळाखाली धरून खूप पिळलं, स्पिरिट लावलं. पट्टी लावली नाही, दिसली असती. आठला हँडओव्हर दिलं. कुणाचं युरिन किती, कुणाचा कोणता डोस राहिला, सगळं सांगितलं. हे सोडून.

का नाही सांगितलं तेही लिहिते. गेल्या महिन्यात आमच्या एका ब्रदरला प्रिक झाला. त्याने लगेच सांगितलं. राउंडला सगळ्यांदेखत विचारणा झाली, "सुईला परत कॅप कशाला लावत होतास? शिकवलं नव्हतं का?" तो कॅप लावतच नव्हता. फॉर्मवर कारण लिहून आलं 'निष्काळजीपणा'. तेव्हापासून आमच्या वॉर्डात एकही प्रिक झालेला नाही. कागदावर.

पेशंटची फाईल पाहिली. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, एकही टेस्ट केलेली नाही. मी हिपॅटायटिस बीची लस शिकत असताना घेतली होती, तीन डोस झाल्याचं आठवतंय, कार्ड सापडत नाही. टायटर, म्हणजे लसीने संरक्षण तयार झालं का ते दाखवणारी रक्ताची टेस्ट, कधी केलंच नाही.

काल रात्री परत नाईट केली, आत्ता घरी पोचलेय. आता सांगितलं तर काही उपयोग आहे का? आणि दुसरं, नवऱ्याला सांगायलाच हवं का? म्हणजे जवळ येण्याच्या दृष्टीने. हे समोरासमोर कुणाला विचारवत नाही.

जुना ब्रदर

टेन्शन घेऊ नका. माझी २२ वर्षं झाली, दहा वेळा तरी टोचली असेल. पिळायचं, स्पिरिट लावायचं, विषय संपला. ग्लोव्ह होता ना? मग झालं तर. फॉर्म भरून फक्त नाव खराब होतं. आपण लोकांची सेवा करतो, आपल्याला काही होत नाही.

कॅज्युअल्टी

रात्रपाळी, आधी उठा आणि हॉस्पिटलला फोन लावा. बाकीचं रिक्षात बसून वाचा.

एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात, तुमचे ३१ गेले आहेत. ७२ म्हणजे तोपर्यंत निवांत बसा असं नाही. पहिला डोस पहिल्या दोन-चार तासांत गेला तर उत्तम, प्रत्येक तासागणिक फायदा घटतो. पेशंटच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. आधी डोस घ्यायचा, मग पेशंटची संमती घेऊन रॅपिड टेस्ट. ती अर्ध्या तासात कळते. निगेटिव्ह आली आणि त्याला अलीकडेच लागण झाल्याची शंका नसेल तर गोळ्या तिथेच बंद. पॉझिटिव्ह आली तर २८ दिवस पूर्ण, साधारणपणे टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर. तुमचंही आजच रक्त द्या: एचआयव्ही, एचबीएसएजी (बी ची लागण आहे का ते), अँटी-एचबीएस टायटर, एचसीव्ही (म्हणजे सी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता जुने ब्रदर. तुमचं नशीब थोर आहे, पण ते दुसऱ्याला उसनं देता येत नाही. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर १००० मध्ये साधारण ३ जणांना लागण होते. सी चं प्रमाण जुन्या पाहण्यांत १०० मध्ये १.८ होतं, अलीकडच्या आकड्यांत त्याहून बरंच कमी. पण बी? लस न घेतलेल्याला १०० मध्ये ६ ते ३०, पेशंटच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि बी ला विसरतात. वाळलेल्या रक्ताच्या डागातही तो विषाणू आठवडाभर तग धरतो.

ग्लोव्हने सुईवरचं थोडं रक्त पुसलं जातं हे खरं, पण टाके घालायची भरीव सुई वेगळी आणि कॅन्युलाची पोकळ सुई वेगळी. १९९७ मध्ये एचआयव्हीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खोल जखम, सुईवर दिसणारं रक्त आणि सुई थेट शिरेत किंवा धमनीत गेलेली असणं, या गोष्टींनी धोका वाढतो असं त्यात दिसलं. रात्रपाळीची सुई शिरेतूनच बाहेर आली होती. त्याच अभ्यासात झिडोव्ह्युडिन या एकट्या जुन्या औषधाने लागण होण्याची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाली होती. आजची औषधं त्याहून चांगली आणि सोसायला सोपी आहेत.

पिळायचं नाही, स्पिरिट नाही, ब्लीच तर नाहीच. वाहतं पाणी आणि साबण, बस. बोट तोंडात घालायचं नाही, हे सांगावं लागतं कारण हात आपोआप तिकडे जातो.

आणि 'आपल्याला काही होत नाही' याबद्दल. १८४७ साली व्हिएन्नात याकोब कोलेच्का नावाचे डॉक्टर शवविच्छेदन शिकवत होते. विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्यांच्या बोटाला लागली आणि ते काही दिवसांत गेले. त्यांचे मित्र, प्रसूती वॉर्डातले डॉक्टर सेमेलवाइस यांनी त्यांचा शवविच्छेदनाचा अहवाल वाचला, तर प्रसूतीनंतरच्या तापाने मरणाऱ्या बायकांच्या शरीरात दिसायचे तेच बदल. डॉक्टर हात धुवायला लागले ते त्यानंतर. आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी शहाणीव एका सहकाऱ्याच्या टोचलेल्या बोटातून आलेली आहे, ब्रदर.

नवऱ्याचं: पेशंट निगेटिव्ह आला तर काळजीचं कारण उरत नाही. पॉझिटिव्ह आला किंवा कळलंच नाही, तर तुमच्या फेरतपासण्या संपेपर्यंत कंडोम वापरा आणि रक्तदान करू नका. ताट, पेला, टॉवेल, मुलांना जवळ घेणं, यात काहीही बदलायचं नाही. सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण २८ दिवस गोळ्या लपवून खाणं अवघड जातं.

रात्रपाळी

निघाले. रिक्षातून वाचतेय.

निवृत्त सिस्टर

अगं, निघालीस ते बरं केलंस. फॉर्म भरल्याशिवाय घरी येऊ नकोस. डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी कागदाचं सांगते. माझं घोडं तिथेच अडलं होतं.

मी कामाला लागले तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या. सुया उकळून परत वापरायच्या, आत साकळलेलं रक्त बारीक तार घालून काढायचं, बोथट झाली की दगडावर घासायची. त्या तारेच्या कामात मला कितीदा टोचलं असेल, मोजदादच नाही. लस निघाली होती, पण आमच्यापर्यंत आली नव्हती. एकदा अंगठ्याला खोलवर लागली. त्या दिवशी वॉर्डात कावीळ झालेले दोन पेशंट होते, सुई कुणाची तेही कळलं नाही. मी कुणाला बोलले नाही. तीनेक महिन्यांनी लघवी गडद व्हायला लागली. कामाचा ताण म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस बेसिनवरच्या आरशात डोळे दिसले.

मी सहा आठवडे पडून होते. मोठ्या माणसांपैकी शंभरातले पंचाण्णव बी मधून आपोआप बरे होतात, मीही झाले. आजारपणाचं मला फार काही वाटलं नाही, खरंच. वाटलं ते परत आल्यावर. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे पेले फळीवर उपडे असायचे. माझा उचलून खिडकीत ठेवला होता, खाली कागद घालून. आजार कशाने पसरतो हे रोज पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगणाऱ्या बायका त्या. एकीलाही विचारलं नाही मी. तो पेला वर्षभर तिथेच होता. मीही मुकाट्याने तिथूनच घ्यायची आणि तिथेच ठेवायची.

आणि रजा? सगळी माझ्या खात्यातली गेली. कामावर झालेला आजार म्हणून मागायला गेले, तर कारकून म्हणाला, "सुई टोचल्याची नोंद दाखवा." कुठून दाखवणार? कावीळ काय, कुणालाही कुठेही होते, असं तो म्हणाला. चूक त्याची नव्हती.

पुढे इन्चार्ज झाले तेव्हा एक वही घातली. टोचली की माझ्याकडे यायचं, मी ओरडणार नाही, फक्त चार गोष्टी लिहायच्या: वेळ, कोणती सुई, हात कुठे होता, डबा कुठे होता. 'कारण' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. कारण विचारलं की माणूस स्वतःचा बचाव लिहितो.

पहिल्या वर्षी १९ नोंदी झाल्या. वरिष्ठ म्हणाले, तुमच्या वॉर्डात एवढे प्रिक कसे, शेजारच्या वॉर्डात तर दोनच! मी म्हटलं, शेजारी वही नाही. एका रविवारी सगळ्या नोंदी घेऊन बसले. मला वाटायचं, टोचते ती इंजेक्शन देताना. पण १९ पैकी ११ वेळा काम झालेलं होतं. सुई बाहेर आलेली, आणि ती घेऊन माणूस डब्याकडे चाललेला. कुणी वाटेत हाक मारली म्हणून वळलेला, कुणी ट्रेमध्ये गॉजखाली ठेवून विसरलेला, कुणी गच्च भरलेल्या डब्यात कोंबताना. डबा दाराजवळ होता, कारण तिथे खिळा होता. इतकंच कारण.

मी डबा ट्रॉलीवर आणला आणि पाऊण भरला की बदलायचा असं सुरू केलं. पुढच्या वर्षी एकूण नोंदी ८. कुणाला जास्त काळजीपूर्वक वागायला मी शिकवलं नव्हतं हं, तीच माणसं होती.

तुझ्या प्रश्नात एक वाक्य आहे, 'डबा ट्रॉलीवर नव्हता, काउंटरवर होता.' हे फॉर्मवर असंच्या असं लिही.

स्लाइडवाला

मी लॅबमध्ये आहे. विषय सुईचा आहे, तरी थोडं बाजूचं लिहितो.

मला सुई टोचली नाही, टीबी झाला. छातीत पाणी, सहा महिने औषध. आमच्याकडे थुंकीचे नमुने द्यायला पेशंट एका लहान खोलीत बसायचे, एसी असल्यामुळे खिडकी कायम बंद. खोकल्यातून उडालेले बारीक कण, एक ते पाच मायक्रॉनचे, पेशंट निघून गेल्यावरही हवेत कितीतरी वेळ तरंगत राहतात. मी साधा सर्जिकल मास्क लावून लगेच आत जायचो आणि स्वतःला सुरक्षित समजायचो. तो मास्क पेशंटला लावायचा असतो, त्याचा खोकला अडवायला. आपल्याला एन-९५ लागतो, आणि तोही चेहऱ्याला फटीशिवाय बसला तरच. माझी तेव्हा दाढी होती.

सुईचं एक बरं असतं, वेळ माहीत असते. रात्रपाळी सव्वाचार म्हणू शकतात. मला कधी झाला, कुणाकडून झाला, काहीच सांगता येत नाही. नोंद करायची तरी कशाची? रजेच्या वेळी मलाही तेच ऐकवलं गेलं जे सिस्टरांना. टीबी काय, बसमध्येही होतो.

२००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत जगभरात ८,०९८ रुग्ण मोजले गेले, त्यातले साधारण पाचात एक आरोग्यसेवेतले होते. हा आजार काहीतरी वेगळाच आहे हे हनोईत ओळखून सगळ्यांना सावध करणारे डॉक्टर कार्लो उर्बानी स्वतः त्यानेच २९ मार्चला गेले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बसमध्ये झाला असेल.

सध्या आमच्या त्या खोलीची खिडकी उघडी असते. एसी बंद पडलाय म्हणून.

मावशीचा मुलगा

आई हॉस्पिटलमध्ये साफसफाईला आहे. ती सांगतेय तसं लिहितोय.

"ताई, तुम्हाला कुणाची सुई ते तरी माहीत आहे. मी चादरींची पिशवी उचलून नेत होते, ती पायाला लागली न् पोटरीत सुई घुसली. चादरीत गुंडाळलेली. आता कुणाची म्हणायची? मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, बूट का नाही घातले. बूट दिलेच नाहीत. आम्ही ठेक्यावरच्या, लस सिस्टर लोकांना दिली, आम्हाला नाही. याला दोन महिने झाले. सुई मी औषधाच्या बाटलीत घालून ठेवलीय, तपासायला लागली तर असावी म्हणून. काय करू?"

कॅज्युअल्टी

मावशी, सुई तपासून काही कळत नाही. ती तपासूही नये, तपासणाऱ्याला टोचायची. बाटली घट्ट बंद करा आणि उद्या हॉस्पिटलच्या सुयांच्या डब्यात टाका, घरच्या केरात नाही.

गोळ्यांची वेळ निघून गेली, पण तपासणीची गेलेली नाही. एचआयव्ही, बी, सी तिन्ही आत्ता करा, आणि टोचल्यापासून सहा महिने झाले की परत करा. सी निघालाच तरी आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. बी चा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर लस लगेच सुरू करा, आज एक, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. ठेक्यावर आहात की कायम, हे विषाणूला कळत नाही, तेव्हा लस मागायला लाजू नका. मुलाला बरोबर घेऊन जा आणि कधी, कुठे टोचलं ते लेखी द्या. एक प्रत स्वतःकडे ठेवा.

ती सुई चादरीत आली कशी, हा प्रश्न वॉर्डातल्या आम्हा लोकांना आहे. मावशींना नाही.

निवृत्त सिस्टर

गॉजखाली ठेवून विसरलेली सुई कुठे जाते, ते मला आज कळलं. माझ्या वहीत लाँड्रीच्या बायकांची एकही नोंद नव्हती. त्यांना कधी विचारलंच नाही मी.

रात्रपाळी

पाच दिवसांनी लिहितेय, रागावू नका.

त्या दिवशी ३३ व्या तासाला पहिली गोळी घेतली. इन्चार्ज सिस्टरांनी पहिला प्रश्न हाच केला, "काल हँडओव्हरला का नाही बोललीस?" मी म्हटलं, ब्रदरचं काय झालं ते पाहिलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. फॉर्म पुढे सरकवला आणि पेन दिलं.

पेशंट आता शुद्धीवर होता, त्याने संमती दिली. एचआयव्ही निगेटिव्ह. सी निगेटिव्ह. एचबीएसएजी पॉझिटिव्ह.

मी इतके तास भलत्याच गोष्टीची भीती बाळगत बसले होते. तरी वाटलं, आपली लस झालेली आहे. दुसऱ्या दिवशी माझं टायटर आलं, ६. दहाच्या वर असावं लागतं. डॉक्टर म्हणाले, तीन डोस घेऊनही काही जणांत संरक्षण तयार होत नाही, काहींत होऊन नंतर खाली येतं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी तपासलं असतं तर तुमचं नक्की काय ते कळलं असतं. आता जुना आकडाच नाही, म्हणून संरक्षण आहे असं धरून चालायचं नाही. हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन दिलं, दोन्ही बाजूंना कमरेखाली, आणि दंडात लसीचा डोस, पुन्हा पहिल्यापासून तीन. इम्युनोग्लोब्युलिन २४ तासांत दिलेलं सगळ्यात बरं, सात दिवसांनंतर त्याचा भरवसा नाही. मला ५६ व्या तासाला मिळालं. एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या.

घरी सांगितलं. नीट बसता येत नव्हतं, त्यामुळे सांगावंच लागलं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लसीचं विचारलं, त्यालाही सुरू केली.

जुना ब्रदर

टायटरला उपाशीपोटी जावं लागतं का? माझी लस झाली होती की नाही तेच आठवत नाही.

कॅज्युअल्टी

नाही लागत. उद्याच जा. त्याबरोबर एचबीएसएजी आणि सी पण करून घ्या. दहा वेळा म्हणालात ना.

निवृत्त सिस्टर

रात्रपाळी, फॉर्मवर काय लिहिलंस? आणि डबा?

रात्रपाळी

तुम्ही सांगितलं तेच वाक्य लिहिलं. कारणाच्या रकान्यात. खाली जागा उरली होती, तिथे 'पेशंट अस्वस्थ, धरायला दुसरी व्यक्ती नव्हती' हेही लिहिलं.

डबा अजून काउंटरवरच आहे, जास्तीचा मागवावा लागेल म्हणतात. आज नाईट आहे. स्टोअरमधून एक लहान डबा मिळवलाय. ट्रॉलीच्या दांड्याला रोलर बँडेजने बांधून बघणार आहे, चाकं फिरताना हलतो का ते.